सातव्या काचेवरचे एकोणचाळीस तारे

अध्यक्षस्थानी बसलेले आणि मला पाचच मिनिटं दिलेले आमचे सर, त्यांच्या शेजारी चेहरे गंभीर ठेवून बसलेले मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती ताई, आणि चहा कुठं मांडलाय ते हेरून शेवटची रांग धरलेले माझे सहकारी,

ताईंनी एकतीस वर्षं काय केलं, ते पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या यंत्रातून अणूंची केंद्रकं प्रचंड वेगानं सोडतात. वाटेत फोटोचा जाड लेप दिलेल्या काचा ठेवतात. लेपातल्या एखाद्या केंद्रकाशी टक्कर झाली की तुकडे चहूकडे उडतात, आणि काच धुतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या रेघांचा तारा दिसतो. केंद्रक बिचारं क्षणात फुटून मोकळं होतं; ते शोधताना आमची मान महिनाभर मोडते.

प्रत्येक काच दोघांनी पाहायची, एकमेकांची वही न बघता. दोघांना किती तारे सारखे सापडले, यावरून दोघांच्याही नजरेतून किती निसटले याचा अंदाज बांधतात. नियम सोपा आहे. मोडायलाही सोपाच आहे.

मी तेव्हा नवा होतो. सातवी काच माझ्याकडे आली त्याच आठवड्यात मेहुणीचं लग्न निघालं. ताई जेवायला गेल्या होत्या, त्याच काचेची त्यांची वही टेबलावर उघडी होती. पुढचं सांगायला हवं का? इतक्या झटपट काच तपासल्याचं आमच्या खोलीत तरी दुसरं उदाहरण नाही.

त्यांचे तारे एकोणचाळीस, माझेही एकोणचाळीस. सर म्हणाले, दोन माणसांचं इतकं एकमत त्यांनी स्वतःच्या घरातही पाहिलं नव्हतं. सर, आपण हसताय म्हणजे आठवतंय. आणखी थोडं हसून घ्या. 'एकही टक्कर सुटलेली नाही' असं वाक्य शोधनिबंधात घालायला त्यांनी घेतलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला जिन्यात गाठलं.

"भाऊ, पस्तिसाव्या नोंदीत मी जागेचे आकडे उलटे लिहिलेत. तिथं काच कोरी आहे. तुम्हाला तारा कसा दिसला?"

मी म्हणालो, जरा पुसट होता.

"मग ठळक दिसेपर्यंत बघा."

सरांना त्यांनी एवढंच सांगितलं, "माझ्या नोंदीत चूक झाली, आम्ही दोघंही काच नव्यानं बघतो." बोलणी त्यांनी खाल्ली. मी शेजारी उभा राहून सहानुभूती दाखवली.

या खेपेला त्यांचे एकोणचाळीसच भरले, माझे बत्तीस. त्यातले एकोणतीस दोघांनाही सापडलेले. तीन मात्र ताईंच्या नजरेतून सुटलेले. ते त्यांनी स्वतः तपासले आणि भाऊंची नजर तयार आहे हो, असं खोलीभर सांगत सुटल्या. त्या दिवशी मला टेबलाखाली बसावंसं वाटलं.

उद्यापासून ताईंच्या खोलीची किल्ली माझ्याकडे यायची आहे. आत्ता ती सरांच्या खिशात आहे, म्हणून आत्ताच बोललो. काल ताईंना विचारलं, हे सांगू का? म्हणाल्या, "सांगा. पण आकडे मी उलटे लिहिले होते, तेही सांगा."

ताई, आभार मानायला उशीर झाला. सर, किल्लीचं काय ते आपण ठरवा. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही सुटलं असेल तर पोटात घाला. अंदाजाप्रमाणे सातव्या काचेवरही एक तारा आम्हा दोघांकडून सुटलेला आहे. किल्ली मिळालीच, तर सकाळी पहिली तीच काच लावतो. ताई, एकदा याल बघायला?

येताना वही तेवढी झाकून ठेवा.