शेवटच्या पानापासून

— नाही नाही, ते कागद खाली ठेवा आणि खुर्चीवर बसा. वाक्य-पृथक्करणाचे तक्ते मोजून घ्या — तीनशे बारा पानांची कादंबरी, पानाला एक तक्ता. लाल पेन्सिल म्हणजे मुख्य वाक्य, निळी म्हणजे गौण, आणि गौणातही 'केव्हा' सांगणारं असलं की हिरवी — तुम्हाला काय सांगायचं, तुमचं संशोधनच त्यातलं. चहा? नको? बरं. मागून का करतो म्हणता? अहो, सरळ वाचलं की माणूस गोष्टीत अडकतो, आणि गोष्टीत अडकला की वाक्यं निसटतात. म्हणून शेवटचं वाक्य आधी, मग त्याच्या आधीचं. तुमचा विद्यापीठातला विभागही पक्का — लेखकाचं नाव दिसू नये म्हणून वर खाकी कव्हर, सुरुवातीची पानं डिंकाने चिकटवलेली. तीस पुस्तकं केली अशी. कोणाचं लग्न झालं, कोण मेलं, विचारा — एकाचंही सांगता यायचं नाही.

हे? हेही तसंच केलं. लेखिका बरी आहे, जरा पसारा घालते — एकेका वाक्याला चार-चार गौण वाक्यं लटकवते. मी समासात लिहिलंयसुद्धा, हिला शिकवलं कोणी? खोडायचं राहिलं ते. तर, शेवटी मुलगी बॅग घेऊन घर सोडते — म्हणजे माझ्याकडे सुरुवातीलाच. मग मागे मागे येत पान दोनशे चौदा. 'आई गेली तेव्हा बाबा शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते.' हिरवी खूण केली, लाल केली, पुढे गेलो. हात थांबला नाही हो माझा. दुपारी जेवलोसुद्धा. तिचं जाणं गौण, आणि पेपर तपासणारा मुख्य — बरोबरच आहे, बोट ठेवायला जागा नाही. बेचाळीस पेपर राहिले होते. म्हटलं, एवढा गठ्ठा हातावेगळा करतो आणि आत जातो — नाही, पुस्तकात आकडा नाही. आकडा मी सांगतोय. हो, तो बाबा मीच. हे लिहून घेऊ नका.

गंमत सांगू? मागून गेलं की ती बरी होत जाते. दोनशे चौदाला गेलेली बाई दोनशेला उठून बसते, दीडशेला आपले केस आपण विंचरते, शंभराव्या पानावर जिना चढते — कठड्याला हात न लावता! आणि पहिल्या पानावर ती खिडकीतून पोरीला हाका मारतेय, आणि मी खालून सायकल ढकलत येतोय. त्यानंतर मी ती चिकटवलेली पानं सोडवली. किटलीच्या वाफेवर. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. अर्पणपत्रिकेत एकच ओळ होती — 'बाबांना, ज्यांनी मला वाक्य फोडून बघायला शिकवलं.' नऊ वर्षांत पोरीचा फोन नाही, आणि ही ओळ. वाचून काहीच झालं नाही मला. गौण वाक्य तेवढं निळं केलं.

काय? फेरतपासणी? पहिल्या पानापासून सरळ — हो, नियम आहे, तीस पुस्तकांची केली मी, नुसत्या खुणा ताडत. याची नाही करणार. पैसे कापा, काम काढून घ्या, दुसऱ्या कोणाला द्या. सरळ वाचलं की दोनशे चौदा पुन्हा येणार. आणि तेव्हाही मी शेजारच्याच खोलीत असणार.

झाले मोजून? तीनशे अकरा? बरोबर आहे. पहिल्या पानाचा तक्ता मी ठेवलाय, तो मिळणार नाही. समासातलं तेवढं खोडा, तिच्या हाती लागायला नको. आणि निघा आता. दार ओढून घ्या.