आधी वाजलेली शिट्टी

विनय : आपल्या क्रूतल्या पंचाला, ग्रॅहमला, काय सांगितलंस ते ऐकलं मी. आता मला सांग. गुडघा टेकला होता?

इरा : हो, बाबा.

विनय : बाबा घरी. मैदानावर मी रेफरी आणि तू लाइन जज. कुठला गुडघा?

इरा : म्हणजे?

विनय : पांढऱ्यांचा पोरगा बॉल घेऊन तुझ्या बाजूने पळत होता. निळ्यांनी त्याला धरलं. गुडघा जमिनीला लागला, म्हणजे खेळ तिथेच थांबला, म्हणून तू शिट्टी मारलीस. कुठला गुडघा?

इरा : राइट.

विनय : आणि तेव्हा बॉल?

इरा : हातात. पण तुम्ही मराठीत का विचारताय? निळ्यांचा कोच माझ्या मागेच उभा आहे.

विनय : म्हणूनच मराठीत. कुठल्या हातात?

इरा : बाबा, मी चोरी केली आहे का?

विनय : सॉकरमध्ये चुकून शिट्टी वाजली तर ड्रॉप बॉल देऊन मोकळे होतात. आपल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये ती वाजली की बॉल मेला, मग कुणी काहीही करो. तो बघ, निळ्यांचा माणूस तिकडे मैदानाच्या टोकाला, एंड झोनमध्ये, बॉल छातीशी धरून अजून उभा आहे. त्याला मला काहीतरी उत्तर द्यायचंय.

इरा : दिसतोय मला.

विनय : दिसतोय तर बोल.

इरा : तो पळत गेला ना. सगळे थांबले, शिट्टी वाजला म्हणून—

विनय : वाजली.

इरा : वाजली! सगळे थांबले, तो एकटा थांबला नाही. बंदराच्या डॉक्सवरून वारा केवढा येतोय, त्याला ऐकूच नाही आलं. एवढा जाड माणूस, सगळा गेम नुसता ढकलाढकली करणारा, त्याच्या हातात बॉल कधी येत नाही. उचलला आणि शेवटपर्यंत पळाला. मागे बघितलंच नाही त्याने.

विनय : उचलला. म्हणजे खाली पडला होता.

इरा : मला नुसत्या पाठी दिसत होत्या. चार जण त्या पांढऱ्याच्या अंगावर. वाटलं, गेला खाली. फुंकायला सुरुवात केली आणि फुंकता फुंकता दिसलं, बॉल गवतावर. आधीच सुटला होता. गुडघा नंतर टेकला.

विनय : नक्की?

इरा : नक्की.

विनय : ठीक आहे. मग शिट्टी चुकून वाजली असं जाहीर करतो.

इरा : थांबा. प्लीज. मग काय होतं ते बघा ना आधी.

विनय : नियम पाठ आहेत मला.

इरा : मग बोला. शिट्टी चुकली तरी टचडाऊन नाही. निळ्यांना बॉलपण नाही. ज्याच्या हातातून सुटला त्याच टीमला, पांढऱ्यांना परत, आणि वर त्यांनाच चॉइस, सुटला तिथून पुढे खेळा नाहीतर हा प्रयत्न, हा डाउन, पुन्हा खेळा. ते पुन्हाच खेळणार. थर्ड डाउन परत मिळाला, दहा यार्ड पूर्ण केले, की बॉल त्यांच्याकडेच, नुसतं घड्याळ संपवायचं. संपली मॅच.

विनय : आणि गुडघा म्हटलं तर?

इरा : तर थर्ड डाउन वाया गेला. चौथ्याला त्यांना किक मारावी लागेल, बॉल निळ्यांकडे येईल. तीन पॉइंटनीच मागे आहेत ते, अजून जिंकू शकतात. बाबा, चूक माझी आहे. खरं बोलले तर तिची शिक्षा निळ्यांनाच दोनदा. हे फेअर आहे का?

विनय : हे ग्रॅहमशी बोलायच्या आधी सुचलं, की नंतर?

इरा : काय फरक पडतो?

विनय : मला पडतो. गुडघा म्हणालीस तेव्हा निळ्यांचा विचार होता डोक्यात, की स्टँडमध्ये आपल्याला मार्क द्यायला असेसर बसलाय त्याचा?

इरा : असेसरचा. आणि लोक म्हणतात ना, विनयची मुलगी म्हणून क्रूमध्ये घेतली, त्यांचा. बाकीचं नंतर सुचलं. पण जे सुचलं ते चूक आहे का?

विनय : चूक नाही.

इरा : मग?

विनय : कुणाला किती चान्स मिळावा हे ठरवायला आपल्याला इथे उभं केलेलं नाही. आज निळ्यांची दया आली, पुढच्या वेळी आणखी कुणाची येईल. तिथे काय झालं तेवढं सांगायचं आणि बाजूला व्हायचं.

इरा : तुम्हाला सोपं आहे बोलायला. शिट्टी तुमच्या तोंडात नव्हती.

विनय : नव्हती. मी मागे, बॉल देणाऱ्या क्वार्टरबॅककडे बघत होतो, मला काहीच दिसलं नाही. ज्याने पाहिलं त्याचा निर्णय. जे काय असेल ते मी जाहीर करतो, पण त्या कोचला तू स्वतः जाऊन सांगायचं, त्याच्याकडे बघून. गुडघा तर गुडघा, शिट्टी तर शिट्टी. लवकर सांग, दोन्ही बाजू ओरडायला लागल्यात.

इरा : शिट्टी. चुकून वाजली. जाहीर करा तुम्ही, मी जाते त्याच्याकडे.

(सामना संपून बराच वेळ झाला आहे. मैदानाबाहेर, गाडीत.)

विनय : बेल्ट लाव. घरी स्लाऊला पोचेपर्यंत आई जेवायची थांबेल.

इरा : जरा थांबा. माझी बेल्ट अडकलाय.

विनय : माझा.

इरा : माझा. तुम्ही आजपण करेक्ट करणार आहात?

विनय : राहिलं. कोच काय म्हणाला?

इरा : मी सांगितलं तेव्हा काहीच नाही. टोपी काढली आणि परत घातली. नंतर पांढरे घड्याळ संपवत होते ना, तेव्हा असिस्टंटशी बोलला, मला ऐकू येईल असं. म्हणाला, हिला आत्ताच खरं बोलायचं होतं?

विनय : त्याला नियम ठाऊक आहे म्हणजे.

इरा : आणि तो जाड माणूस, गॅरेथ. इथे बस चालवतो. तो बाहेर माझी वाट बघत थांबला होता. मला वाटलं, आता हा ओरडणार. त्याने एवढंच विचारलं, मी उचलला तेव्हा बॉल खरंच सुटलेला होता ना? मी म्हटलं, हो. शिट्टी नसती तर टचडाऊन होता? म्हटलं, होता. मग सॉरी म्हटलं मी.

विनय : मग?

इरा : म्हणाला, बायकोने व्हिडिओ काढलाय, पळत होतो तो सगळा. घरी आवाज बंद करून बघणार आहे.

विनय : बघू दे त्याला.

इरा : तुम्ही असेसरबरोबर एवढा वेळ काय करत होता? माझ्याबद्दल बोलला का तो?

विनय : तुझ्याबद्दल फार नाही. पहिल्या सीझनला शिट्ट्या चुकतात, म्हणाला. माझ्याबद्दल बोलला.

इरा : तुमच्याबद्दल?

विनय : निर्णयाला इतका वेळ का लागला म्हणून. मी म्हटलं, लाइन जजला नीट विचारून घेत होतो. तर म्हणाला, गेल्या महिन्यात असाच बॉल सुटला होता, तेव्हा नीना होती लाइन जज. ती म्हणाली गुडघा टेकला, आणि तू पुढच्या क्षणाला खेळ सुरू केलास.

इरा : तिला नाही विचारलं, कुठला गुडघा?

विनय : नाही.

इरा : का?

विनय : सुचलंच नाही. नीना म्हणाली, म्हणजे तसंच असणार.

इरा : आणि मी म्हणाले तर नाही.

विनय : तू माझी मुलगी. तुझं पहिलं उत्तर तसंच घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, पाठीशी घातलं.

इरा : म्हणजे आज माझ्या जागी नीना असती, तर निळ्यांना बॉल मिळाला असता.

विनय : हो.

इरा : कदाचित जिंकले असते.

विनय : कदाचित. तरी ते खोटंच ठरलं असतं, इरा.

इरा : माहिती आहे. मी खरं बोलले त्याचं मला काही नाही वाटत. पण तुम्हीपण स्टँडकडेच बघत होता, बाबा.

विनय : हो. बघत होतो.

इरा : ग्लासगोच्या क्रूला लाइन जज हवाय. मी जाऊ?

विनय : लांब पडेल. रात्रीची ट्रेन, नाहीतर विमान... बघू, त्यांचा रेफरी माझ्या ओळखीचा आहे. उद्या सकाळी फोन करतो त्याला.

इरा : नको. मी करीन.