मासूमाचा पापुद्रा

शहाऐंशी साली रत्नागिरी स्टँडवर, मंडणगड गाडीच्या रांगेत, वायरमन काशीरामचे कान टवकारले. पुढची तरुणी, मासूमा, आपल्या मामाला सांगत होती,

"मामू, प्लास्टिकातून वीज गेली!"

"अगो, प्लास्टिक वीज अडवतं."

"हे नाही अडवत. प्रयोगशाळेत मीच बनवलाय, द्रावणात करंट सोडून धातूच्या पट्टीवर चढवलेला पातळ काळा पापुद्रा."

"मग शिक्षण सोडते म्हणून पत्र का पाठवलंस?"

"तेव्हा मी घाई करायचे. जास्त करंट दिला की थर भुसभुशीत बसायचा, वीज अडायची. आता मंद करंट दिला, थर हळूहळू चढू दिला. घट्ट, गुळगुळीत झाला. द्रावण तेच, पण वीज शंभरपट वाहते!"

"म्हणजे शिकायला परत जाणार?"

"सोमवारीच!"

"तुझ्या अम्मीला मी सांगतो. पण शंभरपट कशामुळे म्हणालीस?"

"थर हळूहळू चढवला म्हणून!" न राहवून मागून काशीरामच ओरडला.