पाठ टेकली तरी खेळ चालू

—न्हाई बाबा, असं उठून जाऊ नका. बसा खुर्चीवर, मी खालीच बरी. नाकाला काय झालं न्हाई, गुलाल आहे. थोडं रक्त पण आहे, ते जाऊ द्या. मला एवढंच सांगा, शिट्टी का फुंकली? म्हणजे का फुंकली ते सगळ्या जत्रेला दिसलं — माझी पाठ मातीला टेकली. पण रखमाजी बाबा, ती कुस्ती न्हवती! एमएमए होतं! सकाळपासून पोरं भोंग्यावर ओरडून राह्यले ना — ठोसा चालतो, लाथ चालते, धरापकड चालते, पाठ टेकली तरी खेळ चालूच राहतो! पाठीवर पडलेली तिथूनच जिंकते कधीकधी, तीच तर मजा! आणि तुम्ही — चाळीस वर्षं फडाचे पंच — पाठ टेकली की तुमचा हात आपोआप शिट्टीकडं जातो, आमच्या आईचा हात उतू जाणाऱ्या दुधाकडं जातो तसा. मी रागावले न्हाई. बिलकुल रागावले न्हाई! हसू येऊन राह्यलं मला, बघा ना, थांबतच न्हाई.

पण हसण्यावारी न्यायचं न्हाई हां. काल पारावर तुम्हीच म्हणल्ते, चारचौघांसमोर — प्रांजली, उद्या जिंकलीस तर तालमीची चावी तुझ्या हातात, गावातल्या पोरी तिथं खेळल्या तरी मी आडवा येणार न्हाई. आणि हरलीस तर हा विषय पुन्हा काढायचा न्हाई. म्हणल्ते का न्हाई? मंग? एका शिट्टीत गेली ना चावी! आमची बॉक्सिंगची बॅग कुठं टांगलीय, माहितीय तुम्हाला? त्या बंद पडलेल्या दुकानाच्या पत्र्याखाली. ठोसा मारला की आख्खा पत्रा वाजतो आणि समोरचे म्हातारे विचारतात, पोरी, काय तोडून राह्यली? अकरावीपासून उत्तर देऊन राह्यले मी — बॉक्सिंग, काका, बॉक्सिंग! बी.ए. झाले, विद्यापीठाचं चांदीचं पदक आणलं, तरी तेच. काय तोडून राह्यली.

मागच्या जत्रेत याच जागी बॉक्सिंग ठेवल्तं. तुम्ही न्हवते, तुम्ही जिलेबीच्या पालात बसल्ते. किती माणसं आल्ती? मी सांगते — बावीस. त्यातले चौघं हलगीवाले, त्यांना थांबणं भागच. एक आमची आई, ती डोळे झाकून बसलेली. आणि बाकीचे काय ओरडत होते? "धरा की एकमेकींना! नुसत्या नाचून राह्यल्या!" मंग आम्ही दोघी थकलो, एकमेकींच्या गळ्यात पडलो — बॉक्सिंगमध्ये असं झालं की पंच सोडवतो, नियमच आहे तो — आणि पंचानं सोडवलं तर लोक चिडलेच! आत्ता कुठं भिडल्या, आन् हा गडी सोडवून राह्यला, म्हणून! जगात बॉक्सिंगला केवढा मान, ऑलिम्पिकमध्ये आजी-आजोबांच्या जन्माच्या आधीपासून आहे ते — आणि आपल्या गावात ते म्हणजे अर्धवट सोडलेली कुस्ती! मी रडले न्हाई त्या दिवशी. थोडी रडले.

आणि यंदा? बघा मागं वळून. आख्खा भोकरदन-जाफराबाद रस्ता इथं येऊन बसलाय. लिंबाच्या झाडावर माणसं, ट्रॉलीवर माणसं, पाण्याच्या टँकरवर पण दोघं! का? कारण पोरांनी मोबाइलवर एमएमए बघितलंय, आणि म्हाताऱ्यांना त्यात कुस्ती दिसली — उचलली, आपटली, दाबली, झालं, कळलं! मला न्हाई पटत. आजही म्हणते, बॉक्सिंगच खरं, त्यात लपायला जागा न्हाई, दोन हात आणि एक डोकं. पण लोक कुठंयत? लोक इकडं आहेत. मंग मी पण इकडं आले. एमएमएला लागतो तसा पिंजरा न्हवता, तर आमच्या घरची मेंढ्या कोंडायची वाघर आणून चारी बाजूंनी बांधली — अजून लेंड्यांचा वास येतोय त्या जाळीला! आणि इन्स्टावर छाती ठोकून टाकलं, केदारखेड्याच्या साक्षीला माझ्या बॉक्सिंगचे दोन ठोसे बस्स आहेत. दोन! मारले की मी दोन. बराबर बसले. तिसऱ्याच्या आधी तिनं माझे पाय उचलले आणि मला डायरेक्ट आभाळ दिसलं.

पण मंग काय झालं ते तुम्ही बघितलंच न्हाई, कारण तुम्ही शिट्टी फुंकण्यात गुंतल्ते. पडता पडता तिचा उजवा हात माझ्या दोन्ही पायांमधी आला, मी मनगट छातीशी धरलं, कंबर वर केली — कोपर उलटं जायला लागलं, अजून दोन सेकंद आणि तिला थापटावंच लागलं असतं. थापटलं म्हणजे हार मानली, खेळ खतम. आणि तेवढ्यात — शिट्टी! हलगी! वाघरीवरून वीस माणसं आत! साक्षीच्या राजानंद मामांनी तिला खांद्यावर घेतलं, जिंकली, जिंकली — आणि तिचा हात तर माझ्याकडंच! मंग मी पण गेले ना वर, उलटी, वटवाघळासारखी लटकलेली, वरून गुलाल! ती ओरडतेय, "सोड गं, मोडला!" — लोकांना वाटलं आनंदानं ओरडून राह्यली! आणि बाबा, हे ऐका, हे महत्त्वाचंय — तिनं थापटलं! खरंच थापटलं! राजानंद मामांच्या टकलावर! तीनदा! विचारा त्यांना, त्यांना वाटलं पोरगी हलगीवर ताल धरून राह्यली! साक्षी स्वतः कबूल करतेय, ती बघा, हाताला बर्फ लावून बसलीय आणि तीही हसतेय. म्हणजे कोण जिंकलं? मी!

शिट्टीनंतर? हो, शिट्टीनंतर. बरं, मान्य. शिट्टी झाली की खेळ संपला, टकलावरची थाप धरता येत न्हाई. मंग पुन्हा लावा! — का न्हाई? पंचाचा निकाल फिरत न्हाई? हेच, तुम्हा लोकांचं हेच! चुकला तर चुकला, पण फिरत न्हाई! पोरींना तालमीत का घेत न्हाई, तर आजवर घेतलं न्हाई म्हणून. आत बजरंगबली आहे म्हणून. अहो, त्यानं तीन महिन्यांत एका शब्दानं तक्रार केली न्हाई, आणि तुम्ही —

काय न्हाई. काय म्हणले मी? तीन महिने म्हणजे — असंच — तोंडात आलं ते.

असं बघू नका ना. सांगते. सात जणी आहोत. दुपारी, तुम्ही जेवून आडवे होता तेव्हा. मागच्या टाकीवरून भिंतीवर, भिंतीवरून आत. साक्षी पण येते जीपनं, हा पायांत हात धरायचा डाव तिनंच शिकवला, म्हणून तर तिला एवढं हसू येऊन राह्यलं, तिचाच डाव तिच्यावर! आणि माती… माती आम्हीच उकरली, बाबा. दगडासारखी झाल्ती. किती वर्षं कोणाच्या अंगाला लागली न्हवती. चाळून घेतली, ताक घातलं, हळद घातली, तेल घातलं, आसराबाईला विचारून विचारून, तिचा नवरा जुना पैलवान, त्याला माहीत होतं सगळं प्रमाण. निघताना झाडतो, दिवा लावतो. तुम्ही पोळ्याच्या आधी पारावर सांगत होते ना — आपल्या राधाकिसनची पोरं तालमीत परत यायला लागली, माती नरम लागली हाताला, तालीम जिवंत झाली — आणि सगळ्यांना चहा पाजल्ता. तो चहा मी पण पिले. तेव्हाच सांगणार होते. तुम्ही एवढे खूश होते की… पोरं न्हवती ती, बाबा. पोरं जाफराबादच्या जिममधी आरशासमोर उभी आहेत. आम्हीच होतो.

शिव्या तरी द्या.

हे काय? कमरेची चावीची गाठ कशाला सोडून राह्यले? — न्हाई. न्हाई बाबा, ठेवा ती. अशी न्हाई घेणार मी चावी. म्हाताऱ्याला दया आली, पोरीच्या हातावर ठेवली — उद्या आख्खा तालुका हेच म्हणेल, आणि परवा दुसरा कोणीतरी येऊन काढून घेईल. मातीबद्दल देताय? मातीबद्दल आणखी एकदा चहा पाजा. चावी खेळून घेणार. आणि लोक बघा ना जरा, एक तरी उठलाय का जागेवरून? साक्षी हात हलवून दाखवतेय, ठीक आहे म्हणतेय, तिला पण बदला पाहिजे. जर हरले तर हरले, एका शब्दानं भांडणार न्हाई… बरं, एका शब्दानं भांडेन. या, जल्दी या, जाळीला चिकटून उभे राहा, लांबून काय दिसत न्हाई यातलं. आणि ती शिट्टी माझ्याकडं द्या. तोंडात न्हाई, माझ्याकडं. आता कोणाचा हात थापटतो तेवढंच बघायचं. मी पडेन, दहा वेळा पडेन, ती मला मातीत घासत नेईल — तरी तुम्ही गप्प राहायचं. राजानंद मामांना कोणीतरी धरून ठेवा रे! हलगी बंद! चला बाबा, सरका तिकडं. गप्प. बिलकुल गप्प.