काळ्या दोरीचा दगड

...आणि वर तीच मला म्हणते, 'तरी मी सांगत होते, कशाला हात लावू नका!' अहो, आता तुम्हीच सांगा, मुळ्याचं लोणचं घालून विकणारा माणूस मी, उभा जन्म मुळा दाबून बघण्यात, तो ज्यात मुरतो तो भाताचा कोंडा चाचपून बघण्यात, पिंपावरचा दाबाचा दगड हलवून बघण्यात गेला. माझं डोकंच मुळी हातात आहे! मग काय, हात घरी ठेवून बागेत जाऊ?

तर ही म्हणजे किनुए, आमची बायको. आणि बाग म्हणजे आमच्या टोकियोतली ती जुनी सरदारी बाग. आत तळं, पाइन, शेवाळ, आणि भिंतीपलीकडे जत्रेतल्यासारखे मोठे पाळणे, त्यातली माणसं दिवसभर किंचाळतात. इकडे शांती, तिकडे किंकाळी! पण आम्ही काही पानांचा लाल रंग बघायला गेलो नव्हतो, आम्ही तोमोहारूसाठी मुलगी बघायला गेलो होतो.

तोमोहारू आमचा एकुलता एक. सोन्यासारखा मुलगा हो, पण मुलगी समोर आली की तोंडात मिठाची गुळणी! आजवर मोठमोठ्या हॉटेलांत बसलो, कॉफी झाली, केक झाला, हा आपला 'हो', 'नाही', 'हवा छान आहे', की उठलाच! शेवटी मध्यस्थबाईंनी माझ्यापुढे हात जोडले, "उकाईसान, ही शेवटची. यापुढे माझ्याकडे मुलगी नाही, आणि धीरही नाही." म्हणजे बघा, ही हुकली तर पोरगा माझ्यासारखा कोंड्यात हात घालून म्हातारा होणार, आणि तोही एकटा! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. धंदा दडपणाचा खरा, पण ते मुळ्यावर असतं हो, छातीवर नाही!

मुलगी शिहो. तिची आई अरिमुराबाई, चहाच्या गुरू. त्यांच्यापुढे मोठमोठे लोक गुडघे टेकून चहा प्यायला शिकतात. म्हणून किनुएची वाटभर संथा चालू. "अहो, शेवाळावर पाय नको. पेल्याची किंमत विचारायची नाही. बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून झाडांना बांधलेल्या दोऱ्या ओढून बघायच्या नाहीत. लोणच्याचा विषय नको. आणि कशाला हात लावू नका!"

नाही लावला! तुम्हाला सांगतो, फाटकापासून खिशात हात. पुढे मी, मागे दोघी आया गप्पा मारत, त्यांच्या मागे आमचा मौनीबुवा आणि ती मुलगी. आणि एका वळणावर वाट फुटली. तिथे, डावीकडच्या वाटेच्या मधोमध, दगड.

काय दगड होता म्हणून सांगू! गोल, गुळगुळीत, मुठीएवढा, वर काळ्या दोरीची चौफेर गाठ आणि उचलायला झकास कडी! माझं काळीजच हललं. म्हटलं, हा तर छोट्या पिंपावरचा दाब! कुणा बिचाऱ्या लोणचेवाल्याचा राहिला इथे. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, छत्री सापडो, दात सापडोत, उचलायचं आणि फाटकावरच्या कचेरीत नेऊन द्यायचं. मालक रडत असेल हो! व्यापाऱ्याचं दुःख व्यापाऱ्याला कळतं. खिशातून गाठोड्याचं फडकं काढलं, दगड बांधला, परतताना कचेरीत देऊ म्हणून घेतला काखेत. दोघी आया तेव्हा एका वाकड्या पाइनचं कौतुक करत होत्या. कुणी पाहिलं नाही. पुण्यच केलं की नाही? तुम्हीच सांगा!

तळ्याकाठच्या मांडवात जाऊन बसलो. दोघी आया आल्या. मुलं काही येईनात.

"येतील," अरिमुराबाई म्हणाल्या. काय तो आवाज, चहा ओतल्यासारखा. "इथे चुकायला वावच नाही. त्या वळणावर दगड ठेवलाय ना, काळ्या दोरीचा."

माझ्या काखेत तो एकदम मणाचा झाला.

"क...कसला दगड?"

"तो वाटेत दिसला की समजायचं, इकडून जाऊ नये. भिंत नको, पहारेकरी नको. चहाच्या घरातला माणूस तो कधी ओलांडत नाही. माझी शिहो रांगायची तेव्हासुद्धा दगडाशी येऊन थांबायची."

"आणि...समजा, दगड नसलाच तर?"

"नसेल कसा?" हसल्या. "तिकडे जुन्या पुलाच्या फळ्या काढल्यात. खाली खोल चिखल आहे. दगड काय कुणी उचलून नेणारेय?"

किनुएने माझ्याकडे पाहिलं. मग काखेतल्या गाठोड्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. अहो, या बाईला डोळ्यांनी ओरडता येतं! 'कशाला हात लावू नका' हे सगळं त्या पापणीत!

आणि तेवढ्यात... किंकाळी! आता ती पाळण्यातली की पुलावरची, कसं कळणार? मी धावलो. या वयात, काखेत दगड, मागून किनुए "अहो, सावकाश!", तिच्या मागे अरिमुराबाई, किमोनोत, तुरुतुरु पण झपाट्याने. मनात आपलं चाललेलं, गेला पोरगा, गेली लोकांची पोरगी, आणि वर्तमानपत्रात काय येणार? 'लोणचेवाल्याने दगड पळवला'!

वळण घेतलं आणि बघतो तर काय? तोमोहारू कमरेपर्यंत चिखलात! आणि ती शिहो काठावर आडवी पडून त्याची बाही ओढतेय, आणि हसतेय! आणि आमचा मुका, जन्माचा मुका, घसा फाडून बोलतोय! "ओढू नका, तुम्हीही याल! अहो, हा चिखल आमच्या कोंड्यासारखाच आहे, हलू नये, नाहीतर आणखी धरतो! आमच्याकडे एकदा मुळा असाच रुतला..." लोणचं! चहाच्या गुरूंच्या मुलीला हा चिखलात उभा राहून लोणचं शिकवतोय! आणि ती विचारतेय, "मग? मुळ्याचं काय झालं?"

मी गचकन थांबलो आणि गाठोडं सुटलं. धप्प! दगड बरोबर वाटेच्या मधोमध, कडी वर, काळी गाठ छान दिसतेय. मागून अरिमुराबाई वेगात आल्या...आणि थांबल्या!

थांबल्या हो! पलीकडे पोटची पोर चिखलाच्या काठावर, पण जन्माची सवय, पाऊल उठेना. दगडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, आता संपलं. लग्न गेलं, अब्रू गेली, मुलगा चिखलात, मी दगडात. "त्याचं काय झालं..." मी सुरुवात केली, पण त्या ऐकतच नव्हत्या. पलीकडून शिहोचं हसू येत होतं. बाईंचा कान तिकडे.

"हिचे वडील गेल्यापासून," हळूच म्हणाल्या, "ही अशी हसली नव्हती." आणि दगडापुढे वाकून नमस्कार केला. "बरोबर जागी पडलाय, उकाईसान. यापुढचं त्या दोघांचं. आपण इथेच थांबायचं."

लग्न झालं! झकास झालं. सून सकाळी चहा घोटते आणि दुपारी कोंड्यात हात घालते, आणि तोमोहारू आता इतका बोलतो, इतका बोलतो, की गिऱ्हाईक मुळा न घेताच पळतं.

पण विहीणबाईंनी आम्हाला आहेर काय दिला, माहितेय? गोल, गुळगुळीत, काळ्या दोरीचा दगड! मी म्हटलं, वा, छोट्या पिंपावर ठेवू. किनुए म्हणाली, "कशाला हात लावू नका!" आणि तेव्हापासून तो घरभर फिरतो. तिच्या मैत्रिणी आल्या की बैठकीच्या दारात. गोडाचा डबा भरला की कपाटासमोर. काल भांडण झालं, तर झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यावर!

ओलांडता का येत नाही म्हणता? येतो की, एवढासा तर दगड आहे...

पण सवय झाली हो. काल दुकानातच झोपलो, पिंपांशेजारी.