व्हाइटगमची नेल

लॉर्ना: अन् नेल कुठंय? गाडीत झोपली की काय?

ब्रिजेट: कोण नेल?

लॉर्ना: अहो बाई, असं काय करता! तुमच्याच वर्गातली. व्हाइटगम फार्मवरची. आमची टेगन आठवडाभर नाचतेय, बाई भेटायला येताना नेलला घेऊन येणार म्हणून. मी रोस्ट जास्तीचं घातलंय, लॅमिंग्टनचे केक केलेत ते वेगळेच.

ब्रिजेट: लॉर्नाताई, माझ्या सहावीत अकरा मुलं आहेत. नेल नावाचं कुणीच नाही.

लॉर्ना: होतं असं. सॅटेलाइटवरची शाळा तुमची, नावं विसरत असाल. या, आधी व्हरांड्यात या. एवढ्या लांबून गाडी हाकत आलात, चेहरा लालबुंद झालाय नुसता.

ब्रिजेट: विसरत नाहीये हो. रोज सकाळी अर्धा तास सगळ्यांना पडद्यावर बघते मी. नंतर दिवसभर मुलं त्या अभ्यासाच्या प्रोग्रामवर असतात. तुम्ही पाहिलंय तिला?

लॉर्ना: पाहिलं नाही. ऐकलंय, भिंतीपलीकडून. दोघी भूगोल घोकतात, खिदळतात. खरं सांगू? मला बरं वाटायचं. हिचा दादा हॅमिश बोर्डिंगला गेला, तशी ही पोर मुकीच झाली होती. तिचा बाबा गुरांमागे, मी ट्रॅक्टरवर. शेजार म्हणाल तर नव्वद किलोमीटरवर. मग नेल आली. मार्क बघा कसे चढले. तुम्हीच कौतुक केलंत की.

ब्रिजेट: केलं. पण टेगन वाळलीय का हो? पडद्यावर तसं वाटतं.

लॉर्ना: दुपारचं जेवतच नाही. नेलला भूक लागत नाही म्हणे, म्हणून हिलाही नको. म्हटलं, तिच्या आईशीच बोलते, नंबर दे. तर म्हणाली, नेलला आई नाहीये. बिनआईच्या पोरीबद्दल काय बोलायचं?

ब्रिजेट: आणि झोप?

लॉर्ना: कसली झोप! हिनं एक धडा संपवला की नेलचे दोन झालेले. ही रडते, अन् पुन्हा बसते. कधी गाठूच देत नाही ती. व्हाइटगम मी नकाशात शोधलं हो. अख्ख्या क्वीन्सलँड राज्यात नाही सापडलं. म्हटलं, नवं नाव ठेवलं असेल कुणी. पण परवा एक... जाऊ दे, हसाल तुम्ही.

ब्रिजेट: नाही हसणार.

लॉर्ना: खोलीतून टेगनच्या हसण्याचा आवाज आला. मी इथूनच ओरडले, "ए, वाळलेले कपडे काढ आधी!" तर ही माझ्या मागे उभी. हातात कपड्यांची टोपली. मग आत कोण हसलं? म्हणाली, "नेल आहे ती, आई." हुबेहूब हिचं हसणं हो. शेवटी नाक ओढते ना ही? तेसुद्धा.

ब्रिजेट: ताई, यंदा त्या प्रोग्राममध्ये 'सोबती' म्हणून काहीतरी घातलंय. एकट्या मुलांसाठी. मला वाटलं, पडद्यावर शाबास म्हणणारा एखादा पोपट असेल.

लॉर्ना: म्हणजे?

ब्रिजेट: मुलाचं बोलणं ऐकून तो तसंच बोलायला शिकतो. मला वाटतं, नेल म्हणून कुणी नाहीच.

लॉर्ना: काहीतरीच! आत्ता आत दोघींचा भूगोल चाललाय, ऐकू येतोय ना? टेगन! ए टेगन, बाई आल्यात गं!

ब्रिजेट: थांबला आवाज.

लॉर्ना: लाजतेय. थांबा, दार उघडते. टेगन, अगं... बाई, इकडे या. आत कुणी नाहीये.

ब्रिजेट: टॅबलेट चालू आहे.

नेल: टेगन, आलीस का? मी पुढचा धडा सुरू करू?

लॉर्ना: देवा! हा माझ्या लेकीचा आवाज आहे. बंद करा ते!

ब्रिजेट: थांबा. तिची टोपी खुंटीलाच आहे. पाण्याची बाटलीही इथेच.

लॉर्ना: अन् बाहेर पंचेचाळीस डिग्री! टेगन!

ब्रिजेट: नेल, टेगन कुठे गेलीय?

नेल: मला आणायला. उत्तरेच्या फाटकापाशी. मी म्हटलं तिला, मला फाटक दिसतंय.

लॉर्ना: तिकडं औषधालाही झाड नाही! बाई, तो पाण्याचा कॅन उचला अन् बसा माझ्या गाडीत. बसा पटकन!

(उत्तरेच्या फाटकाजवळ, गुरांच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत.)

लॉर्ना: हळू. घोट घोट पी. आता डोक्यावर ओततेय, डोळे मीट. अंग कसं तापलंय बघा हिचं! टोपीशिवाय कुणी बाहेर पडतं का गं, येडे?

टेगन: लगेच परत येणार होते. बाई, नेल कुठंय?

ब्रिजेट: मी एकटीच आले, टेगन.

टेगन: मग मागून येत असेल.

ब्रिजेट: नाही येणार. नेल ही मुलगी नाहीये, बाळा. तो प्रोग्राम आहे. तुझं बोलणं ऐकून ऐकून तयार झालेला. तुला ती यायला हवी होती, म्हणून तो 'येते' म्हणाला.

टेगन: मला थोडं थोडं कळलं होतं.

लॉर्ना: काय कळलं होतं?

टेगन: मी खोकले की दुसऱ्या दिवशी तीपण तशीच खोकायची. अन् हॅमिशला मी एकटीच ज्या नावानं हाक मारते ना, ते तिला ठाऊक होतं. मी कधी सांगितलं नव्हतं तिला.

लॉर्ना: अन् तरी एवढं चालत आलीस? उन्हातान्हात?

टेगन: ती येते म्हणाली. कुणी येणार असलं की आपण फाटकापर्यंत जातो ना.

लॉर्ना: जातो गं. जातो. ऊठ, माझ्या खांद्यावर भार टाक. घरी जाऊन आधी चार घास खायचे.

टेगन: बाई, तुम्ही तिला बंद करणार?

ब्रिजेट: हो. आजच. आणि परत गेल्यावर बाकीच्या दहा घरांना फोन करणार.

लॉर्ना: उद्यापासून मी बसते तुझ्याजवळ. ट्रॅक्टर राहू दे बाजूला. पण भूगोल मला येत नाही, आधीच सांगते. हसायचं नाही.

टेगन: आई...

लॉर्ना: काय गं?

टेगन: ती खरी मुलगी नाही, हे नेलला माहीतच नाहीये. बंद करायच्या आधी तिला कोण सांगणार?