दोन सुतळ्यांचं कुंपण

आत्याआजी: …ते मला काही सांगू नकोस, दादा. कॉलनीच्या समितीत ठरलं म्हणजे ठरलं. शेंगांचा वाफा आज निघणार. माळी फावडं घेऊन पुढच्या फाटकाशी उभा आहे.

आजोबा: उभा राहू दे. पाय दुखले तर खुर्ची देतो. वाफ्याला हात लावायचा नाही.

टिकली: शेंगा माझ्या आहेत! बी मी लावलंय. आजोबांनी फक्त पाणी घातलंय.

आत्याआजी: अगं टिकले, तुझ्या शेंगांपायी मागच्या रानातली हरणं सगळ्या कॉलनीत शिरतात. आता हरणं खातात ते सगळं काढून घरोघरी कण्हेर लावायची. कण्हेरीला हरीण तोंड लावत नाही.

आजोबा: लावेल कसं? विषारी असते ती. पण पोरं लावतात हो तोंड! सेक्रेटरीबाई, ही अक्कल कुणाची?

आत्याआजी: बहुमताची.

आजोबा: मग बहुमताला सांग, मी ऐकत नाही.

आत्याआजी: लहानपणापासून असाच हेकट! मागच्या वर्षी उंच जाळी लावून पाहिलीच ना? हरीण उडी मारून आत आलं, बाहेर पडता येईना, सगळी बाग तुडवली. म्हणून तर नियम केला, कुंपण कमरेच्या वर नको.

आजोबा: जाळी समितीची होती, बाई. मी तेव्हाच ओरडत होतो की हरीण उंचीला घाबरत नाही. आता हे माझं कुंपण बघ. कमरेएवढंच आहे ना?

आत्याआजी: सुतळीचं? कुणी शिंकलं तरी पडेल! आणि त्याच्या मागे आणखी एक कशाला?

आजोबा: टिकले, समजावून सांग तिला.

टिकली: हरणाचे डोळे कुठे असतात, सांग बघू?

आत्याआजी: डोक्याला. आणखी कुठे!

टिकली: डोक्याच्या बाजूंना! म्हणून त्याला चहूकडचं दिसतं, पण समोरचं किती लांब आहे ते नीट कळत नाही. एक सुतळी ते टुणकन ओलांडेल. पण पलीकडे लगेच दुसरी! मग उतरायचं कुठे? उंच उडी येते, लांब उडी येते, दोन्ही एकदम जमत नाही.

आत्याआजी: हरणानं सांगितलं वाटतं तुला?

टिकली: नाही, मी स्वतः उडी मारून बघितली. मध्येच पडले. हा बघ गुडघा.

आत्याआजी: दोन कुंपणं नियमात बसत नाहीत, दादा.

आजोबा: नियमात उंची आहे. एकच कुंपण हवं, असं कुठे आहे? बस इथे मागच्या पायरीवर. हरणाची यायची वेळ झालीय. आत शिरलं, तर वाफा मी माझ्या हातानं उपटीन. नाही शिरलं, तर या घरात कण्हेर येणार नाही. मग तू दहा ठराव आण.

(तिघं पायरीवर बसतात. ऊन उतरत जातं.)

टिकली: शू! आलं.

आत्याआजी: केवढं थोराड आहे गं बाई!

टिकली: मान वर केली… मागे सरकलं… आजोबा, धावत येतंय!

आजोबा: हात सोड गं, नखं लागतात.

टिकली: मी नाही धरलाय. आत्याआजीनं धरलाय.

आत्याआजी: थांबलं! दादा, सुतळीशीच थांबलं. नुसतं बघतंय… वळलं रे!

टिकली: जा, रानातलं खा! इथे काही मिळायचं नाही!

आजोबा: काय सेक्रेटरीबाई, माळ्याला काय सांगू?

आत्याआजी: मी सांगते त्याला. आणि समितीलाही सांगते. काय चिडायचं ते चिडू देत. पण तू आधी का नाही बोललास रे? लोकांना कित्ता घालून द्यायला मी माझा गुलाब सगळ्यांत आधी उपटला.

टिकली: टाकून दिलास?

आत्याआजी: न्हाणीघरात आहे, बादलीत. मुळांना ओलं फडकं गुंडाळलंय. कुणाजवळ बोलू नका.

आजोबा: बरं.

आत्याआजी: दादा… सुतळी उरलीय का रे थोडी?